सुशी आणि कॉकटेल बारमध्ये पहिल्यांदा जाताना : टेबल बुक करण्यापासून घरी परतेपर्यंत

लोअर परळ, वांद्रे, खार, कुलाबा. मुंबईच्या या भागांत आता असे बरेच बार आहेत जिथे एका काउंटरवर कॉकटेल बनतं आणि दुसऱ्यावर सुशी वळली जाते. पुण्यात कोरेगाव पार्क आणि कल्याणीनगरकडे, गोव्यात आसगाव-पणजीकडे हेच चित्र आहे. आपल्यातले पुष्कळ जण वाढदिवसाला किंवा ऑफिसच्या पार्टीला तिथे एकदा जाऊन येतात. मेन्यू कळत नाही म्हणून शेजारच्या टेबलावर दिसेल ते मागवतात, सहा-सात हजारांचं बिल भरतात आणि बाहेर पडताना म्हणतात, "ठीक होतं, पण एवढं काय त्यात?"

मला हे ऐकून फार वाईट वाटतं. कारण आपण भातावर आणि मासळीवर वाढलेली माणसं आहोत. भात मऊ झालाय की फडफडीत राहिलाय, मासा ताजा आहे की कालचा, हे आपल्याला पहिल्या घासाला कळतं. सुशी समजायला जी जीभ लागते ती आपल्याकडे आधीच आहे. कमी पडते ती थोडी माहिती आणि मागवण्याचा क्रम. ते दोन्ही इथे नीट मांडतो. उदाहरणं मुंबईची आहेत, कारण कायदे आणि कर राज्याप्रमाणे बदलतात.

जागा निवडताना

आधी त्या जागेचा मेन्यू फोनवर उघडून वाचा. बारचं नाव, सजावट, फोटो यापेक्षा मेन्यू जास्त खरं सांगतो. एकाच स्वयंपाकघरातून पिझ्झा, डिमसम, बटर चिकन आणि सुशी सगळंच येत असेल, तर तिथे सुशी हा मेन्यूतला एक कोपरा आहे असं समजा. अशा ठिकाणी शिजवलेल्या किंवा तळलेल्या पदार्थांचे रोल खावेत, कच्च्या माशाच्या वाटेला जाऊ नये. याउलट मेन्यूत माशांची नावं वेगवेगळी दिली असतील, निगिरी आणि साशिमी (सुशीच्या मेन्यूतली ही नावं पुढे उलगडतो) नगावर मिळत असतील, तर आत सुशीचं काम येणारा माणूस उभा आहे.

गर्दीही बघा. सुशीच्या जागेला गर्दी असणं चांगलं, कारण मासा पडून राहत नाही.

पंचतारांकित हॉटेलांचा पर्याय आहेच. ताजमहाल पॅलेसमधलं 'वसाबी बाय मोरिमोतो' २००४ साली सुरू झालं आणि मुंबईतल्या अनेकांनी उत्तम दर्जाची सुशी पहिल्यांदा तिथे खाल्ली. त्याच हॉटेलातला हार्बर बार १९३३ सालचा आहे. पण तिथला खर्च मोठा आणि करही जास्त. पहिल्या वेळेला स्वतंत्र बार बरा, असं माझं मत आहे. चूक झाली तरी खिशाला फार लागत नाही आणि वातावरण मोकळं असतं.

दिवस आणि वेळ

शुक्रवार-शनिवार टाळा. त्या रात्री डीजेचा आवाज इतका असतो की वेटरला काही विचारता येत नाही, आणि सुशीच्या काउंटरवर ऑर्डरींची रांग लागलेली असते. मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी सात-साडेसातला पोचा. शेफ ताजातवाना असतो, भात नुकताच तयार झालेला असतो, बारटेंडरला दोन शब्द बोलायला वेळ असतो. या एका बदलाने संध्याकाळ निम्म्याने सुधारते.

आपल्याकडे दिवस ठरवताना पंचांगही बघावं लागतं. ग्रुपमध्ये कोणी गुरुवार पाळतं, कोणाची संकष्टी असते, श्रावणात तर निम्मा ग्रुप शाकाहारी होतो. आधी विचारून घ्या, म्हणजे एकीला नुसत्या काकडीच्या रोलवर बसावं लागणार नाही. ड्राय डेही तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे सगळ्यांना माहीत असतात. निवडणुकीच्या वेळी मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस हे मात्र लोक विसरतात.

पावसाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून या काळात सुशी खाऊ नये असं बरेच जण म्हणतात. पण सुशीतला सालमन नॉर्वेसारख्या थंड देशांतून येतो. हमाची (यलोटेल), ईल (सापासारखा लांब मासा) वगैरे मासेही बहुतेक आयात केलेले आणि गोठवलेले असतात. ससून डॉकवर बोटी लागल्या नाहीत म्हणून या माशांवर फारसा परिणाम होत नाही.

टेबल फोनवरूनच बुक करा आणि चार गोष्टी विचारा. सुशीच्या काउंटरसमोर जागा मिळेल का? टेबल किती वेळ मिळतं? (काही ठिकाणी दोन तासांनी उठवतात.) कव्हर चार्ज, म्हणजे आत येण्यासाठी वेगळी रक्कम, आहे का? आणि कपड्यांबद्दल काही नियम आहे का? चप्पल आणि हाफ पँटवर अडवणारी दारं अजून पुष्कळ आहेत.

वय, परमिट, ओळखपत्र

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, पण व्हिस्की, जिन, रम, व्होडका, टकिला यांसाठी २५. कॉकटेल याच दारूंची असतात, म्हणजे २३ वर्षांच्या मुलीला बिअर मिळेल, जिन अँड टॉनिक मिळणार नाही. गोव्यात २१ पुरतं. म्हणून तिथे चाललं ते इथे चालेल असं धरून येऊ नका, आणि चेहऱ्यावरून वय कळत नसेल तर ओळखपत्र जवळ ठेवा.

आपल्या राज्यात दारू पिण्यासाठी परवानाही लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेली ही तरतूद अजून लागू आहे. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत मिळतो, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजन्म १,००० रुपयांत. बारमध्ये एक दिवसाचे परवाने ठेवलेले असतात. नियमित जाणार असाल तर आजन्म परवाना काढून टाका, तो ऑनलाइन निघतो.

निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर

रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि भरल्या पोटीही नको. पाच-साडेपाचला थोडे पोहे, एखादं केळं, मूठभर शेंगदाणे पुरेत. सुशीचे घास लहान असतात आणि पहिली प्लेट यायला वेळ लागतो. तोवर उपाशीपोटी कॉकटेल गेलं तर ते भराभर चढतं, आणि मग माशाची चव कळण्याच्या मनःस्थितीत कोणी राहत नाही. उग्र अत्तर लावू नका. काउंटरवर शेजारी बसलेल्यालाही माशाचा आणि यूझूचा (जपानी लिंबाचा) वास घ्यायचा असतो.

आत शिरल्यावर बाहेर पडायचे दोन रस्ते बघून ठेवा. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ माणसं गेली. गिरणगावातल्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आज अनेक बार आहेत. अरुंद जिने, आत सजावटीचं लाकूड आणि कापड, बाहेर गाड्यांची दाटी. आपत्कालीन दार कुठे आहे आणि त्यासमोर खुर्च्या रचलेल्या नाहीत ना, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. रचलेल्या असतील तर मॅनेजरला सांगा. मी सांगतो.

शक्य असेल तर काउंटरवरच बसा. समोर शेफ भाताचा गोळा कसा घेतो, दोन बोटांनी कसा दाबतो, मासा किती तिरका कापतो हे दिसतं. आपल्याकडच्या अनेक सुशी काउंटरवर ईशान्य भारतातली, नेपाळची मुलं काम करतात. वर्षानुवर्षं हात बसलेला असतो. "आज काय चांगलं आहे?" असं मनापासून विचारलंत, तर ते मेन्यूपेक्षा नेमकं उत्तर देतात. तेवढा एक प्रश्न दरवेळी विचारावा.

गरम ओला रुमाल दिला तर त्याने हात पुसा, तोंड नाही. काही गोष्टी हातानेच खायच्या आहेत.

मेन्यू वाचताना

सुशीमध्ये मध्यवर्ती गोष्ट असते ती व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला भात. मासा नसलेली सुशी असते, भात नसलेली नसते. या खाण्याचं मूळही भातातच आहे. जुन्या काळी मीठ लावलेला मासा भातात घालून महिनोन्महिने आंबवत, मासा खात आणि भात टाकून देत. पुढे आंबवण्याऐवजी भातातच व्हिनेगर आलं. आज आपण जी निगिरी खातो ती १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर रूढ झाली. हनाया योहेई या विक्रेत्याला तिचं श्रेय देतात. घाईत असलेल्या कामगारांचं ते उभ्याने खायचं खाणं होतं, त्यामुळे त्याला बिचकायचं काहीच कारण नाही.

मेन्यूवरच्या नावांत पाच ओळखीची झाली की बाकीचं आपोआप उलगडतं.

निगिरी : हाताने वळलेला भाताचा लांबट गोळा आणि वर माशाचा काप. जागेची खरी परीक्षा यात होते.

साशिमी : नुसता कापलेला मासा, भात नाही.

माकी : बाहेर नोरी नावाचं समुद्री शेवाळाचं पान, आत भात आणि सारण, गुंडाळून कापलेले तुकडे.

उरामाकी : हीच गुंडाळी उलटी, भात बाहेर आणि नोरी आत. कॅलिफोर्निया रोल या प्रकारातला. उत्तर अमेरिकेत शेवाळाचं काळं पान बघून बिचकणाऱ्या गिऱ्हाइकांना ही रचना सोपी गेली. आपल्या बारमधले ड्रॅगन रोल, डायनामाइट रोल, मेयो आणि टेम्पुराचे (पातळ पिठात बुडवून तळलेल्या पदार्थांचे) बहुतेक रोल याच कुळातले.

तेमाकी : नोरीचा हाताने वळलेला कोन. तो एकट्याचा असतो, वाटून घेता येत नाही, आणि हातात पडताक्षणी खायचा असतो. थांबलात तर भाताच्या वाफेने नोरी चामट होते.

पहिल्यांदा जाताना मेन्यूतला सगळ्यात भरगच्च रोल मागवण्याचा मोह होतो. त्यावर तीन सॉस, तळलेला चुरा, माशाची अंडी, वर धूर. मला त्याचा राग नाही, एखादा जरूर खावा. पण तो शेवटी. सुरुवात सालमन निगिरी आणि काकडी किंवा अव्होकाडोच्या साध्या माकीने करा. एवढ्यावरून जागेची लायकी कळते.

कच्च्या माशाची भीती

आपल्याकडची ही भीती निराधार नाही. माशात ॲनिसाकिससारख्या परजीवी कृमी असू शकतात आणि त्यांनी माणूस चांगलाच आजारी पडतो. म्हणून कच्चा खायचा मासा आधी गोठवतात. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या सूचनांप्रमाणे उणे २० अंश सेल्सियसला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवलं की कृमी मरतात. घरातल्या फ्रीझरच्या भरवशावर बाजारातली सुरमई अशी खाऊ नका. जिथे बारकाईने काम चालतं तिथे मासा कसा येतो, कसा ठेवतात हे विचारल्यावर सरळ सांगतात. उत्तर टाळलं तर त्या रात्री शिजवलेलं खा. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, त्यामुळे स्वच्छता आणि मासा शेवटपर्यंत सतत थंड ठेवणं तितकंच महत्त्वाचं. गरोदर स्त्रिया, फार वयस्कर माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्चा मासा टाळावा.

सालमनचा इतिहास फार मजेदार आहे. जपानमध्ये तो शिजवून किंवा खारवून खात, कच्चा नाही, कारण त्यांच्या समुद्रातल्या सालमनमध्ये कृमी असत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सालमन कच्चा खाण्यासाठी तिथे चिकाटीने विकायला घेतला आणि हळूहळू तो सुशीवर चढला. ज्या समाजाने सुशी घडवली त्यालाही हा मासा कच्चा खायची सवय करून घ्यावी लागली. मग आपण पहिल्या घासाला जरा थबकलो तर त्यात काही कमीपणा नाही.

मनाची तयारी नसेल तर टेम्पुरा कोळंबी, भाजलेली ईल, वरून ज्वाळा मारून अर्धवट शेकलेला सालमन यांपासून सुरुवात करा.

शाकाहारी आणि ॲलर्जी असलेल्यांसाठी

इथे मेन्यूतल्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, विचारा. मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्ये) बहुधा दाशी नावाचा पातळ रस्सा असतो आणि तो सुक्या बोनिटो माशापासून करतात. तोफूच्या पिशवीतली इनारी बऱ्याचदा त्याच दाशीत शिजवलेली असते. जपानी मेयोनीजमध्ये अंड्याचा बलक असतो. नारिंगी चकचकीत दाणे म्हणजे माशाची अंडी. 'क्रॅब स्टिक' खेकड्याची नसून माशाच्या लगद्याची असते. कॉकटेलमध्येही हीच काळजी हवी. व्हिस्की सावरवरचा पांढरा फेस पुष्कळदा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो, आणि ब्लडी मेरीतल्या वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. "अंडं न घालता कराल का?" असं म्हटलं की बारटेंडर चण्याच्या पाण्याचा किंवा दुसरा काही पर्याय सुचवतो.

सोया सॉसमध्ये गहू असतो, ग्लूटेनचा त्रास असणाऱ्यांनी तामारी (बहुधा गहू नसलेला सोया सॉस) आहे का विचारावं. शिंपले-कोळंबीची ॲलर्जी असेल तर तेल सामाईक आहे का हेही विचारा, कारण टेम्पुरा बहुधा सगळा एकाच कढईत तळला जातो.

शाकाहारी सुशी दुय्यम असते असं मला वाटत नाही. शिताके मशरूम, ॲस्पॅरॅगस, मुळ्याचं पिवळं लोणचं, भाजलेलं वांगं हे सगळं त्या आंबटगोड भाताबरोबर सुंदर लागतं.

पहिली फेरी : काय प्यावं, काय खावं

भात आंबटगोड, सोया खारट, माशात चरबी. म्हणून पेय कोरडं, थंड, लिंबाकडे झुकणारं हवं. सिरप ओतलेलं गोड कॉकटेल भाताची चवच झाकतं. माझी पहिली निवड हायबॉल : उंच ग्लास, भरपूर बर्फ, व्हिस्की आणि सोडा. जपानमध्ये जेवणाबरोबर हे सर्रास पितात, कारण सोडा जीभ धुवून काढतो आणि दारूचा जोर कमी राहतो. जिन आवडत असेल तर गिमलेट (जिन आणि लिंबू) किंवा साधं जिन अँड टॉनिक घ्या. गेल्या काही वर्षांत गोव्यात चांगल्या जिन बनू लागल्यात, त्या या कामाला उत्तम आहेत. बारटेंडरला फक्त "गोड कमी" सांगा.

मुंबईत सध्या पिकांतेची चलती आहे, म्हणजे टकिला, लिंबू, मिरची, कोथिंबीर. ती तळलेल्या आणि मेयो घातलेल्या रोलबरोबर झकास जाते, पण नुसत्या निगिरीबरोबर मिरचीच उरते. निग्रोनी, ओल्ड फॅशन्ड (व्हिस्कीचं कडक कॉकटेल), धुरकट व्हिस्की अशी जड पेयं जेवणानंतर. रेड वाइन सुशीबरोबर नको, त्यातल्या लोहामुळे माशाची चव धातूसारखी, हिमूस लागते. वाइनच हवी असेल तर नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट वाइन किंवा स्पार्कलिंग मागवा. साके घेतलीत तर ती शॉटसारखी घशाखाली टाकू नका. ती तांदळापासून आंबवून केलेली असते, तिच्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल असतं, आणि ती वाइनसारखी घोट घोट प्यायची असते.

न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. यूझू सोडा, थंड ग्रीन टी, कोकमाचं एखादं पेय सुशीबरोबर कॉकटेलइतकंच जमतं. सोबतच्यांनीही "एक तर घे" म्हणून मागे लागू नये.

दोघांसाठी पहिली ऑर्डर अशी द्या : दोन हलकी पेयं, उकडलेल्या एदामामेची (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगांची) एक वाटी, सालमन निगिरीची एक प्लेट, साध्या माकीची एक. बस. सगळं एकदम मागवलं की सगळं एकदम येतं आणि भात थंड पडतो.

घास कसा घ्यावा

निगिरी समोर आली की आधी नुसती बघा. माशाचा काप ओलसर चकाकणारा आणि घट्ट हवा, कडा कोरड्या पडलेल्या किंवा रंग विटलेला नको. नाकाशी नेल्यावर समुद्राचा पुसटसा वास चालेल, मच्छीबाजाराचा नाही. मग ती बोटांनी उचला. निगिरी हाताने खाणं जपानमध्ये पूर्ण शिष्टसंमत आहे. भात अलगद दाबलेला असल्यामुळे चॉपस्टिकमध्ये तो फुटतो, बोटांत टिकतो.

आता तिला कुशीवर वळवा आणि माशाची कड सोया सॉसला निसटती लावा. भात सॉसमध्ये बुडवू नका, तो सॉस पिऊन घेतो आणि विस्कटतो. पूर्ण निगिरी एका घासात तोंडात टाका. चांगला भात तोंडात आल्यावर दोन-तीनदा चावताच सुटा होतो, दाणा न् दाणा वेगळा लागतो, आणि तो कोमट असतो, साधारण आपल्या अंगाइतका. इंद्रायणीच्या ताज्या मऊ भाताला जसा चिकटपणा असूनही दाणा हरवलेला नसतो, तसंच हे. भात थंड आणि आतून कडक लागला तर तो फ्रिजमधून आलाय. मग तिथे निगिरी पुन्हा मागवू नका, तळलेल्या रोलकडे वळा.

हिरवी वसाबी सोयात कालवून चटणी करायची सवय सर्वत्र दिसते. खरी वसाबी ही एका वनस्पतीच्या खोडाची ताजी किसलेली लगदी असते, ती महाग आणि दुर्मीळ. आपल्याला मिळते ती बहुधा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग. ती नाकात जाते, जिभेवर रेंगाळत नाही. निगिरीत शेफने आधीच लावलेली असते, त्यामुळे आधी चव घ्या, हवी तर तांदळाच्या दाण्याएवढी माशावर ठेवा. गुलाबी आल्याचे काप निगिरीवर ठेवायचे नसतात. एक मासा संपवून दुसऱ्याकडे जाताना जीभ स्वच्छ करायला ते खायचे.

चॉपस्टिकचं तंत्र : खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवा, वरची पेनासारखी धरा, फक्त वरचीच हलवा. नाही जमलं तर काटा मागा, कोणी काही म्हणत नाही. दोन गोष्टी मात्र पाळा. काड्या भातात उभ्या खोचू नका आणि एका काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नका. जपानमध्ये या दोन्ही कृती अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

दुसरी फेरी

आता ट्यूना, हमाची, मग ईल, आणि सगळ्यात शेवटी तो भरगच्च रोल. हलक्याकडून जडाकडे हा क्रम सोडू नका. स्पायसी मेयो एकदा जिभेवर आलं की नंतरचा नाजूक मासा नुसता मऊ लागतो. प्रत्येक पेयामागे एक ग्लास पाणी. साधं फिल्टरचं पाणी मागितलं की मिळतं, बाटली घ्यायलाच पाहिजे असं नाही.

दारूचा हिशोब डोक्यात ठेवा. आपल्याकडची व्हिस्की बहुधा ४२.८ टक्क्यांची. ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. म्हणजे असा एकेक पेग घातलेली दोन ओल्ड फॅशन्ड पूर्ण उतरायला चार-पाच तास, कधी त्याहून जास्त. लिंबूपाणी, कॉफी, थंड आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. लाँग आयलंड आइस्ड टीसारख्या पेयात चार-पाच दारू असतात आणि चव मात्र कोल्ड्रिंकची, त्यामुळे ते या रात्री नकोच.

मित्रमैत्रिणींपैकी कोणाचा ग्लास टेबलावर बेवारस राहिला असेल तर तो पुन्हा पिऊ देऊ नका, नवा मागवा.

बिल

बिल वाचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दारूवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, आणि महाराष्ट्रात परमिट रूममधला हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के झाला. खाण्यावर स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी. महागड्या हॉटेलांत तो १८ टक्के असतो.

समजा दोघांनी ९०० रुपयांची चार कॉकटेल घेतली, म्हणजे ३,६००, त्यावर व्हॅट ३६०. खाणं ३,००० चं, त्यावर जीएसटी १५०. एकूण ७,११०. याच्या वर १० टक्के सेवा शुल्क लावलं असेल तर आणखी ६६० आणि त्यावरचा कर. हे सेवा शुल्क देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा, नकार मिळाला तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेवा आवडली असेल तर टीप रोख, थेट हातात द्या. सुशीच्या काउंटरवरच्या माणसालाही द्या, त्याच्यापर्यंत टेबलावरची टीप पोचतेच असं नाही.

परतताना

गाडी आणूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनेकांच्या बाबतीत एका मोठ्या पेगने ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. दुचाकीलाही हाच नियम.

लोकलने जाणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ एम-इंडिकेटर ॲपवर आधीच बघा आणि तिच्या अर्धा-पाऊण तास आधी बिल मागवा, कारण बिल यायला वेळ लागतो. बार बंद व्हायच्या सुमाराला सगळेच कॅब शोधतात आणि भाडं दुपटीने चढतं, त्यामुळे साडेअकरा-बाराला निघणं शहाणपणाचं. एकटी जाणारी मैत्रीण असेल तर कॅबचा नंबर आणि लाइव्ह लोकेशन ग्रुपवर टाकायला लावा, आणि ती पोचल्याचा मेसेज येईपर्यंत कोणीतरी एकाने जागं राहा. हे कोण करणार ते बारमध्येच ठरवून घ्या.

उरलेली सुशी पार्सल घेऊ नका. टेबलावर दोन तास राहिलेला कच्चा मासा मुंबईच्या दमट हवेत धोक्याचा असतो, आणि फ्रिजमध्ये ठेवलेला भात सकाळपर्यंत कडक होतो. म्हणून शेवटची प्लेट मागवण्याआधी सगळ्यांना एकदा विचारा, आणि अर्धे जण "आता पुरे" म्हणाले तर ती मागवू नका.